फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर हवा गळू नये म्हणून काय करता येते?

प्रश्न जिंतूर तालुक्यातील एका शिक्षकांचा आहे. त्यांचे वडील ५८ वर्षांचे आहेत, शेती करतात आणि तरुणपणापासून विडी ओढत आले आहेत. पंधरा वर्षांपूर्वी झालेला क्षयरोग औषधांनी बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहिली आणि आता त्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होऊन खोकल्यातून वारंवार रक्त पडते. फुप्फुसाचा तो भाग काढून टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. त्यांच्या नात्यातल्या एका गृहस्थांना अशाच शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे छातीत नळी ठेवून राहावे लागले, कारण नळीतून हवा येणे थांबत नव्हते. तसे होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतर काय केले जाते आणि घरच्यांनी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपली भीती रास्त आहे. फुप्फुसावरील शस्त्रक्रियांनंतर रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम लांबवणारे सर्वांत नेहमीचे कारण हवा गळणे हेच आहे. फुप्फुस हा कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांचा बनलेला मऊ अवयव आहे आणि त्यावर एक अतिशय पातळ आवरण असते. हे आवरण जिथे फाटते, कापले जाते किंवा टाक्याच्या सुईने टोचले जाते, तिथून प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा छातीच्या पोकळीत येते. काही प्रमाणात हे जवळजवळ प्रत्येक रुग्णात होते आणि एकदोन दिवसांत आपोआप थांबते. अमेरिका आणि युरोपातील छातीच्या शल्यविशारदांच्या नोंदींमध्ये पाच दिवसांपेक्षा जास्त टिकणाऱ्या गळतीला लांबलेली गळती मानतात. फुप्फुसाचा एक पूर्ण खंड काढल्यावर शंभरातील साधारण आठ ते पंधरा रुग्णांत ती आढळते. ज्यांची फुप्फुसे विडीने किंवा जुन्या क्षयरोगाने खराब झाली आहेत, त्यांच्यात हे प्रमाण अधिक असते.

पुढचे सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी सांगतो. गळती टिकून राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात: छिद्र आणि त्या छिद्रासमोर रिकामी जागा. उरलेले फुप्फुस फुलून छातीच्या भिंतीला टेकले की छिद्र भिंतीला चिकटते आणि दोन-तीन दिवसांत बुजते. फुप्फुस आणि भिंत यांच्यामध्ये जागा राहिली, तर लहानसे छिद्रही आठवडेच्या आठवडे वाहत राहते. म्हणून कोणते महागडे गोंद वापरणार किंवा कोणते यंत्र वापरणार, यापेक्षा छिद्रे कमी कशी होतील आणि जागा कशी भरून निघेल, हा विचार शस्त्रक्रियेच्या आधीच झाला पाहिजे.

आपल्या वडिलांच्या बाबतीत ही तयारी आजपासून सुरू होऊ शकते. विडी आजच बंद व्हावी. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे धूर पूर्ण थांबला, तर कफ कमी होतो आणि जखम भरण्याची शक्ती वाढते. थुंकीची तपासणी पुन्हा करून घ्यावी, सीबीनॅट या क्षयजंतूंची जनुके शोधणाऱ्या चाचणीसह, कारण क्षयरोग पुन्हा जागा झालेला असेल आणि ते न पाहता शस्त्रक्रिया झाली, तर श्वासनलिकेचे शिवलेले तोंड उघडण्याचा धोका वाढतो. साखर वाढलेली असेल तर ती आटोक्यात आणावी. दम्यासाठी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर ते न लपवता सांगावे. गावाकडे अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि रुग्ण त्यांना औषध समजतच नाहीत, हे मी फार वेळा पाहिले आहे. स्टेरॉइडने जखम भरण्याची गती मंदावते. वजन कमी असणे हेही गळती लांबण्याचे एक मान्य कारण आहे. अंडी चालत असतील तर रोज दोन द्यावीत, नसतील तर दूध, डाळ, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे यांचे प्रमाण वाढवावे. नुसत्या भाकरी-ठेच्यावर वजन वाढणार नाही. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचे असतात ते श्वासाचे उपकरण आताच विकत घेऊन त्याचा सराव करावा, कारण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुखत असताना ते नव्याने शिकता येत नाही. या काळात रक्त जास्त पडू लागले, तर मात्र वाट पाहू नये. छातीतील रक्तवाहिनी आतून बंद करण्याची एम्बोलायझेशन नावाची प्रक्रिया करून काही आठवडे मिळवता येतात आणि शस्त्रक्रिया घाईत करावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी. बुरशीचा गोळा असलेले फुप्फुस छातीच्या वरच्या टोकाशी घट्ट चिकटलेले असते. ही चिकटण सोडवतानाच निम्मी छिद्रे होतात, खंड कापताना नव्हे. जिथे थर सापडत नाही तिथे फुप्फुस ओढत बसण्यापेक्षा छातीच्या भिंतीचे आतले आवरणही फुप्फुसासोबतच सोडवून घ्यावे, म्हणजे भिंतीकडील बाजूने थोडे जास्त रक्त जाते, पण फुप्फुस फाटत नाही आणि पोकळीतील बुरशी छातीत सांडत नाही. या टप्प्याला कधीकधी दोन तासही लागतात. नातेवाईक बाहेर अस्वस्थ होतात, पण तो वेळ सार्थकी लागतो.

उजव्या बाजूला वरचा आणि मधला खंड यांच्यातील फट बहुतेकांत अपुरी असते, म्हणजे दोन खंड एकमेकांत मिसळलेले असतात. ही फट बोटाने किंवा कात्रीने उकरून उघडली, तर उघडा पडलेला पृष्ठभाग सर्वत्र गळतो. म्हणून आधी रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका वेगळ्या करायच्या आणि फट सर्वांत शेवटी स्टेपलरने, म्हणजे पिना मारून ऊती बंद करणाऱ्या साधनाने, एका रेषेत तोडायची, ही पद्धत आता रूढ झाली आहे. यातही सुजलेल्या जाड ऊतीला उंच पिना लागतात. स्टेपलर आवळल्यावर लगेच चालवू नये, काही सेकंद तसाच धरून ठेवावा, म्हणजे आतील द्रव बाजूला सरकतो आणि पिना नीट वळतात. फुग्यासारख्या ठिसूळ फुप्फुसात पिनांच्या रेषेला आधाराची पट्टी लावतात. जोएल कूपर यांनी १९९४ मध्ये गोवंशीय हृदयावरणाच्या पट्ट्या यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि नंतर कृत्रिम पट्ट्याही आल्या. पट्टी कशाची आहे हे रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घेणे मी आवश्यक मानतो.

खंड निघाल्यावर आणि छाती बंद करण्याआधी जी दहा-पंधरा मिनिटे असतात, ती माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म आहेत. छातीत कोमट सलाइन भरायचे, भूलतज्ज्ञांना फुप्फुस हळूहळू फुगवायला सांगायचे आणि पाण्याखाली कुठे बुडबुडे येतात ते शांतपणे बघायचे. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, तेच तत्त्व येथे आहे. दाब पाण्याच्या २० ते २५ सेंटीमीटर इतका ठेवतात, श्वासनलिकेच्या शिवलेल्या तोंडाची परीक्षा ३० पर्यंत घेतात. एखाददुसरा मोजता येणारा बुडबुडा असेल तर तो बहुतेक वेळा स्वतः थांबतो. बुडबुड्यांची धार दिसली तर टाका हवाच. बुडबुडे एकमेकांत मिसळून पाणी उकळल्यासारखे दिसले, तर लहान श्वासनलिका उघडी आहे असे समजून ती शोधून बांधावी लागते. भूलतज्ज्ञही आपल्या पडद्यावर आत गेलेली आणि बाहेर आलेली हवा यांतील फरक सांगू शकतात, त्यामुळे अंदाजाला आकड्याची जोड मिळते.

ही परीक्षा मी मराठवाड्यात हायडॅटिडच्या, म्हणजे जंतामुळे फुप्फुसात पाण्याची गाठ होणाऱ्या आजाराच्या, रुग्णांवर शिकलो. मेंढ्या आणि कुत्री यांच्या सहवासात राहणाऱ्या कुटुंबांत हा आजार दिसतो. फुप्फुसातील पाण्याची गाठ काढली की मागे एक वाटीसारखी पोकळी उरते आणि तिच्या तळाशी श्वासनलिकांची बारीक तोंडे उघडी असतात, कधी दोन, कधी सात-आठ. वाटीत सलाइन भरायचे, भूलतज्ज्ञांनी फुगवायचे, बुडबुडा आला की तिथे टाका घालायचा, पुन्हा भरायचे, पुन्हा फुगवायचे. पाणी स्थिर होईपर्यंत हे चालते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण मेंढपाळाच्या शस्त्रक्रियेत, एक बारीक तोंड बुडबुडे देत असताना, उशीर झाला आहे आणि हे आपोआप बंद होईल असे म्हणून मी छाती बंद केली. त्याची नळी एकोणीस दिवस राहिली. त्याची मेंढरे दुसऱ्याच्या हवाली होती आणि तो रोज सकाळी माझ्याकडे बघून नळीतली हवा जिच्यात बुडबुडत होती त्या बाटलीकडे बोट दाखवीत असे. त्यानंतर पाणी स्थिर झाल्याशिवाय मी हातमोजे काढलेले नाहीत.

मात्र प्रत्येक बुडबुड्यामागे सुई घेऊन धावणेही चुकीचे आहे. ठिसूळ फुप्फुसात प्रत्येक टाका दोन नवी छिद्रे करतो. बारीक सुई, एकपदरी धागा आणि टाक्याखाली आधाराला रुग्णाच्याच ऊतीचा तुकडा, एवढे करून थांबावे. उरलेल्या खरडल्यासारख्या पृष्ठभागावर फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) किंवा कृत्रिम गोंद लावता येतो. अभ्यासांत अशा गोंदांनी गळती कमी झालेली दिसते, पण रुग्णालयातील दिवस सातत्याने कमी झालेले दिसत नाहीत. त्यामुळे गोंद मी निवडक रुग्णांत वापरतो, टाक्याऐवजी कधीच वापरत नाही आणि संसर्ग असलेल्या छातीत हात राखूनच वापरतो. स्टेपलर आणि गोंद यांचा खर्च मोठा असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का आणि त्यात साहित्य धरलेले आहे का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारून घ्यावे.

श्वासनलिकेच्या तोंडाची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. वायुकोशांतून होणारी गळती बहुधा थांबते. श्वासनलिकेचे तोंड उघडले तर ते सहसा थांबत नाही आणि छातीत पू होतो. म्हणून ते तोंड आखूड ठेवायचे, त्याच्याभोवतीच्या ऊती फार खरवडून त्याचा रक्तपुरवठा तोडायचा नाही आणि क्षयरोगाच्या किंवा बुरशीच्या रुग्णात त्यावर जिवंत मांसाचे आच्छादन घालायचे. यासाठी बरगड्यांमधला स्नायू छाती उघडतानाच जपून वेगळा काढून ठेवावा लागतो. नंतर आठवण झाली तर तो बरगड्या फाकवणाऱ्या साधनाखाली चिरडलेला असतो.

राहिली रिकामी जागा. वरचा खंड काढल्यावर छातीच्या टोकाला जागा उरते. निरोगी आवरण असलेल्या रुग्णात ते आवरण टोकापासून सोडवून तंबूसारखे खाली सोडतात आणि जागा लहान करतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत ते आवरण चिकटलेल्या फुप्फुसासोबतच निघून येण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून तंबूवर भिस्त ठेवता येणार नाही. अशा वेळी मधला आणि खालचा खंड चिकटणीतून पूर्ण मोकळा करणे, त्यांच्यावरील जाड साल सोलून ते फुलतील असे करणे आणि तरीही जागा उरली तर पाठीच्या बाजूचा मोठा स्नायू आत फिरवून टोकाला बसवणे, हे उपाय आहेत. खालच्या खंडाला जागेवर धरून ठेवणारा बंध तोडावा की नाही यावर शल्यविशारदांत मतभेद आहेत. तोडल्याने खंड वर सरकतो, पण श्वासनलिकेला बाक येऊ शकतो. मी फुप्फुस फुगवून पाहतो आणि टोकापर्यंत पोहोचत नसेल तरच तोडतो. मधला खंड पीळ घेऊ नये म्हणून त्याला खालच्या खंडाशी एका टाक्याने बांधून ठेवणेही विसरू नये.

शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला शक्यतो टेबलावरच स्वतःच्या श्वासावर आणावे, कारण व्हेंटिलेटरचा प्रत्येक ठोका ताज्या टाक्यांवर दाब टाकतो. वेदनेचा बंदोबस्त पाठीतील एपिड्युरल नळीने किंवा मज्जातंतूंजवळ सुन्न करणारे औषध देऊन चांगला करावा. दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, कफ साचतो, फुप्फुस बसते आणि जागा पुन्हा रिकामी होते.

आता नळी आणि बाटलीविषयी, कारण येथे घरच्यांचा थेट संबंध येतो. पाण्याखाली तोंड बुडालेल्या नळीने छातीतील हवा बाहेर सोडण्याची ही युक्ती जर्मनीतील गोट्हार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये वापरली आणि तत्त्व आजही तेच आहे. हवा पाण्यातून बाहेर जाते, परत येऊ शकत नाही. बाटली नेहमी छातीच्या खाली असावी, आडवी होऊ नये आणि नळीला पीळ नसावा. नळीतील पाणी श्वासाबरोबर वर-खाली होणे हे चांगले लक्षण आहे. फक्त खोकल्यावर बुडबुडे येणे म्हणजे गळती लहान आहे. शांत श्वासातही सतत येणे म्हणजे ती मोठी आहे किंवा बाहेरचा एखादा जोड सैल आहे, म्हणून परिचारिकेला सर्व जोड तपासायला सांगावे. मोजक्या ठिकाणी आता मिनिटाला किती मिलिलिटर हवा जाते ते दाखवणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्यामुळे नळी काढण्याचा निर्णय सोपा होतो, पण साध्या बाटलीकडे दिवसातून दोन वेळा नीट पाहिले तर तीही पुरेसे सांगते.

नळीला हवा खेचून घेणारे (सक्शनचे) यंत्र लावावे की नाही, यावरही एकच उत्तर नाही. जोराने खेचले तर छिद्र उघडे राहते, अजिबात खेचले नाही तर कडक फुप्फुस फुलत नाही. आपल्या वडिलांसारख्या रुग्णात मी पहिले एकदोन दिवस सौम्य खेच देतो आणि एक्स-रेमध्ये फुप्फुस भिंतीला टेकलेले दिसले की ती बंद करतो. येथे आपल्या भागासाठी एक सूचना महत्त्वाची आहे. वीज गेली आणि यंत्र बंद पडले, पण त्याची रबरी नळी बाटलीला तशीच राहिली, तर हवेचा बाहेर जाण्याचा रस्ताच बंद होऊ शकतो. अशा वेळी यंत्राची नळी बाटलीपासून सोडवली पाहिजे. छातीकडून येणारी नळी कधीही सोडवायची नाही. हा फरक रात्रपाळीच्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असला पाहिजे.

दुसरी चूक चिमट्याची. एका रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवताना बाटलीतील पाणी सांडू नये म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने नळीला चिमटा लावला होता. चार तासांचा प्रवास होता. ते पोहोचले तेव्हा गळ्यापासून पापण्यांपर्यंत सगळे सुजलेले होते, डोळे उघडत नव्हते आणि त्वचेवर बोट ठेवले की कुरमुऱ्यांसारखी कुरकुर जाणवत होती. चिमटा काढताच बाटली भडभडून बुडबुडली आणि दहा मिनिटांत त्यांचा श्वास मोकळा झाला. हवा गळत असताना नळी बंद केली तर तीच हवा फुप्फुसाला आणि हृदयाला दाबते. प्रवासात चिमटा लावू देऊ नका. बाटली सरळ धरायला एक माणूस सोबत ठेवा.

पाच दिवसांनंतरही हवा येत राहिली तर घाबरू नये, कारण त्यानंतरही बहुतेक गळत्या बंद होतात. फुप्फुस फुललेले असेल तर बाटलीऐवजी एकाच दिशेने उघडणारी झडप किंवा पिशवी लावून रुग्णाला चालते-फिरते ठेवता येते. रुग्णाच्याच हातातून काढलेले ५० ते १०० मिलिलिटर रक्त नळीवाटे छातीत सोडणे, हा एक स्वस्त आणि बऱ्याचदा उपयोगी उपाय आहे. मात्र त्या वेळीही नळी बंद न करता ती उंच टांगून ठेवायची असते, म्हणजे रक्त आत राहते आणि हवा बाहेर जाते. त्यानेही न थांबल्यास दुर्बिणीतून श्वासनलिकेत झडप बसवणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे, असे मार्ग आहेत. नळी जितकी लांबते तितका पू होण्याचा धोका वाढतो, म्हणून ताप आणि नळीतील द्रवाचा रंग व वास यांवर रोज लक्ष हवे.

वडील घरी आल्यावर नळीच्या जागेचा टाका साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर ती जागा कोरडी ठेवावी. घरात चूल असेल तर तिच्या धुरापासून त्यांची खाट लांब असावी. पहिल्या काही आठवड्यांत एकाएकी खोकला वाढून पातळ, लालसर पाण्यासारखा बेडका भरपूर पडू लागला, तर श्वासनलिकेचे तोंड उघडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी त्यांना शस्त्रक्रिया झालेल्या उजव्या कुशीवर निजवावे, म्हणजे तो द्रव चांगल्या फुप्फुसात जाणार नाही, आणि त्याच अवस्थेत, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात घेऊन जावे.